गोळी आधी वर जाते

वन्सं,

आज तुमचं तेरावं झालं. गोडाचं जेवून हात धुतलेली माणसं पडवीत सुपारी कातरत बसली होती आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "कुसुमताईंसारखी बाई पुन्हा होणं नाही." मी आत उष्टी काढत होते आणि मनात म्हणत होते, नकोच व्हायला. एक पुरे झाली. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये हे मलाही कळतं. पण तुम्ही होतात तोवर मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. आता तुम्ही उलट उत्तर देऊ शकत नाही, तर एवढी संधी मी काही सोडणार नाही.

मला तुमचा हेवा वाटायचा. सरळ सांगायचं तर पोटात दुखायचं. 'वाटायचा' म्हणतेय, पण तो अजून आहे. तुम्ही गेलात, तो गेला नाही. आत्ता दुपारचे तीन वाजलेत आणि मुक्ता तुमच्या खाटेवर, तुमची गोधडी पायावर घेऊन झोपली आहे. माझ्या खोलीत पंखा आहे, चांगली गादी आहे. तिला ती खाट हवी.

मुलगी माझी. नऊ महिने मी वाढवली, बाळंतपणात मरता मरता वाचले ती मी. तेहतीस वर्षांत तिने मला जितक्या गोष्टी सांगितल्या, त्या सगळ्या आधी तुम्हाला सांगून झालेल्या असायच्या.

आणि आता जे केलं ते लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल. त्या मंगळवारी सकाळी दवाखान्यात तुम्ही म्हणालात, "वहिनी, मुक्ताला बोलवा." मी "हो" म्हटलं. फोन केला तो बुधवारी दुपारी. गुरुवारी पहाटे तुम्ही गेलात आणि मुक्ता नागपूरहून पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

बुधवारी तिची कोर्टात साक्ष होती, हे खरं. डॉक्टर म्हणत होते की छातीतला कफ सुटतोय, चार दिवसांत घरी न्या, हेही खरं. पण त्यामुळे मी थांबले नाही. दोन वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती तिसऱ्या दिवशी आली. सावकाश ये असं मीच म्हटलं होतं, आणि ती खरंच सावकाश आली. तुमचं नाव काढलं असतं तर ती साक्ष टाकून धावली असती. ते मला बघवलं नसतं. एक दिवस, वन्सं. मला वाटलं, एका दिवसाने काय होतंय.

मुक्ताला वाटतंय की सगळं अचानक झालं. तिला सांगायचं की नाही, ते मला तिची परतीची गाडी सुटायच्या आत ठरवायचं आहे. सांगितलं तर ती मला सोडेल, अशी भीती वाटते. न सांगितलं तर ती माझ्याजवळ राहील, पण ते राहणं तुमच्याकडून ढापलेलं असेल.

मी या घरात आले ती साताऱ्याकडून, भौतिकशास्त्राची पदवी ट्रंकेत घालून. तुमचे दादा लग्नानंतर पंधरा दिवसांनी मुंबईला नोकरीवर परत गेले. पुढे ते घरी यायचे ते शिमगा, गणपती आणि मे महिन्यातले आठ दिवस. घरात राहिलो आपण दोघी. तुम्ही माझ्याहून वर्षाने लहान, मानाने मोठ्या, त्यामुळे आपलं कायम अहो-जाहो. पहिल्याच सकाळी धाडकन बार झाला आणि माझ्या हातातली कपबशी खाली पडली. बाहेर येऊन बघते तर सड्यावरच्या, कातळमाथ्यावरच्या बागेत धुराचा लोट आणि त्यातून नऊवारीचा काष्टा खोचलेली एक मुलगी खांद्यावर बंदूक टाकून येतेय. "घाबरलात काय वहिनी? वानरं आली होती कलमांवर. नुसती दारू ठासली होती, गोळी नाही घातली. आवाजानेच पळतात मेली."

शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ती ठासणीची बंदूक तुमच्या वडिलांची. ते गेल्यावर परवाना तुमच्या नावावर झाला, कारण दादांना बार सोसायचा नाही. निवडणूक लागली की सगळ्या परवान्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. तुम्ही ती चादरीत गुंडाळून, लहान पोर न्यावं तशी एसटीतून घेऊन जायचात. मग महिनाभर बागेत वानरांचं राज्य. "आचारसंहिता लागल्याचं आपल्या आधी ह्यांना कळतं," असं म्हणत तुम्ही पत्र्याचा डबा बडवत फिरायचात.

गोळ्या तुम्ही घरीच करायचात. दाभोळला तुमच्या ओळखीची एक कोळीण होती. तिच्याकडून फाटक्या जाळ्यांची शिशाची वजनं आणायची, चुलीवर वितळवायची आणि सांडशीसारख्या साच्यात ओतायची. साचा उघडला की आतून लखलखीत गोल गोळी. भरताना आधी दारू, मग चिंधीत गुंडाळलेली गोळी, मग गजाने ठासणं. चिंधी तुमच्या आईच्या जुन्या लुगड्याचीच लागायची. मी एकदा सांगितलं, गोळी नळीपेक्षा जराशी लहान असते, ती फट बुजली नाही तर दारूचा वायू बाजूने निसटतो आणि जोर वाया जातो; कुठलंही मऊ सुती कापड चालेल. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "चालेल हो. पण लागेल का?" आणि तुमची लागायची.

साठ पावलांवर फणसाच्या फांदीला दोरीने टांगलेली नारळाची करवंटी. वारा असो, नसो. जिवंत प्राण्यावर तुम्ही गोळी झाडलेली मी कधी पाहिली नाही, पण करवंट्यांचा तुम्ही संहार केलात. आणि मुक्ता, जेमतेम चार वर्षांची, कानावर हात दाबून दगडी गडग्याआड बसायची आणि करवंटी फुटली की नाचायची. मी तिला पाढे शिकवायचे. पाढे म्हटल्यावर कोण नाचतं?

पुढे ती विचारायला लागली की गोळी कधी कधी वाकडी का जाते. मी या प्रश्नाची वाटच बघत होते. मी शिकवायचे त्या शाळेतून सायकलचं चाक आणायचं, ते फिरवून दाखवायचं, असा सगळा बेत मी आखला. नळीच्या आत आटे पाडलेले असतील तर गोळी फिरत बाहेर पडते आणि फिरते म्हणून तिचं तोंड पुढेच राहतं. आपल्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे गोळी आत ठेचकाळत येते आणि शेवटचा धक्का जिकडून बसेल तशी भलतीच गिरकी घेऊन हवेत वळते. सोप्या भाषेत सगळं लिहून काढलं होतं. शनिवारी चाक घेऊन आले तर तुम्ही पडवीत भोवरा फिरवत बसलेल्या. "बघ गो, फिरतो तोवर उभा. थांबला की लोळला. शहरातल्या बंदुकांतली गोळी भोवऱ्यासारखी, नि आपली म्हणजे लोळणारी." मुक्ता माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, मला कळलं!" मी चाक परत नेलं.

विहिरीचा दिवस तुम्ही विसरला नसाल. मुक्ता नऊ वर्षांची होती. जेवताना मी तिला सांगत होते, पूर्वी विलायतेत छर्रे करायला उंच मनोरे बांधत. वर शिसं वितळवायचं आणि चाळणीतून ओतायचं. थेंब पडता पडता आपोआप गोल होतो, कारण द्रव स्वतःला आवळून घेतो, आणि खालच्या पाण्यात तसाच गोठतो. तुम्ही मान खाली घालून भाकरी मोडत होतात. एवढंच विचारलंत, "किती उंच लागतं?" मी म्हटलं, "जितकं उंच तितकं बरं." मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! वन्सं माझी गोष्ट ऐकतायत.

दुसऱ्या दिवशी मी पेपर तपासायला रत्नागिरीला गेले. एप्रिल अखेरचे दिवस, विहिरीचं पाणी तळाला गेलेलं. परत येऊन बघते तर तुम्ही दोघी विहिरीच्या काठावर पालथ्या पडलेल्या. मुक्ताचा फ्रॉक तुमच्या मुठीत, बाजूला शेगडी आणि तुमच्या हातात माझ्या माहेरच्या पुरणयंत्राची जाळी. खालून चर्र चर्र आवाज येत होता आणि मुक्ता ओरडत होती, "आत्या, अजून! आत्या, अजून!"

पिण्याची विहीर, वन्सं! मी किती ओरडले ते शेजारच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं. शिसं पोटात गेलं तर पोर मतिमंद होईल, अक्कल आहे का, असं मी तुम्हाला तुमच्याच घरापुढच्या खळ्यात उभी राहून बोलले. तुम्ही तीन दिवस पंप लावून विहीर उपसलीत, शिडीने स्वतः आत उतरलात आणि चिखल चाळून दाणा न् दाणा वेचलात. उन्हाळाभर शेजाऱ्यांकडून पाणी आणलंत आणि त्यातला एक हंडाही मला उचलू दिला नाहीत. त्या छर्ऱ्यांना शेपट्या होत्या. मुक्ताने ते बरणीत भरले आणि नाव ठेवलं 'बेडकाची पिल्लं'. शेपटी का राहिली, असं तुम्ही दोघींनी मला विचारलं. मला ठाऊक होतं. नुसत्या शिशाची शेपूट सुटत नाही, त्यात थोडं दुसरं काही मिसळावं लागतं. मी म्हटलं, "मला काय माहीत?"

माझा राग शिशाचा होता तितकाच त्या 'अजून'चा होता. गोष्ट मी सांगायची आणि आयत्या बिळावर तुम्ही नागोबा.

आता आपलं जुनं भांडण. तुम्ही म्हणायचात, गोळी नळीतून सुटली की आधी वर जाते आणि मग खाली येते. मी म्हणायचे, कालत्रयी नाही. सुटल्या क्षणापासून ती पडायला लागते. पृथ्वी कुणासाठी थांबत नाही. एक गोळी हातातून सोडली आणि त्याच उंचीवरून, त्याच वेळी दुसरी आडवी झाडली, तरी दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकतील. तुम्ही म्हणायचात, काहीतरीच. मी टेबलाच्या कडेला दोन नाणी ठेवून पट्टीच्या एका फटक्यात एक सरळ खाली पाडलं, दुसरं लांब उडवलं. दोन्हींचा आवाज एकच आला. तुम्ही नाणी उचललीत आणि म्हणालात, "टेबलावर असेल हो तसं. सड्यावर नाही."

मुक्ता दहावीत असताना मी ठरवलं की एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. आठवड्याभरात गणित केलं. साठ पावलं जायला गोळीला एका सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग लागतो आणि तेवढ्यात ती वीतभर पडते. म्हणजे करवंटीच्या वीतभर वर नेम धरायचा. परवाना तुमचा आणि हात माझा, तेव्हा गुन्हाच होता तो. तरी तुम्ही बंदूक भरून माझ्या हातात दिलीत, माझं कोपर नीट केलंत, दस्ता खांद्यात घट्ट रुतवलात. मी वीतभर वर धरून चाप ओढला. धूर गेल्यावर बघितलं तर करवंटी शांतपणे टांगलेली आणि तिच्या पार वर, मागच्या गडग्याच्या चिऱ्याचा टवका उडालेला.

"सांगत नव्हत्ये? आधी वर जाते. मी करवंटीवरच माशी धरत्ये, तरी लागते. तुम्ही आणि वर धरलीत."

नळीच्या टोकावरच्या त्या चिमुकल्या मण्याला तुम्ही माशी म्हणता हेही मला त्या दिवशी कळलं. आणि मुक्ता हसली. वाईट नव्हती हसली, पोरीसारखी हसली. पण मला वाटलं की माझ्या सगळ्या शिक्षणावर हसली. त्यानंतर मी बंदुकीला हात लावला नाही, आणि ती चूक का झाली हेही शोधलं नाही. ज्याला मुलांपुढे 'का?' विचारायचा पगार मिळतो, त्याने हा प्रश्न टाळावा म्हणजे बघा किती लागलं होतं.

मुक्ता गोळ्यांच्याच मागे गेली. झाडलेल्या गोळीवर नळीतल्या आट्यांचे ओरखडे उमटतात, ते भिंगाखाली ताडून कुठल्या बंदुकीतून ती सुटली हे सांगायचं, ही तिची नोकरी. त्याआधी तिने प्रबंध लिहिला. जुन्या गोल गोळ्यांचा वेग हवेत कसा मरतो, आणि मग लोकांनी लांबट, पुढे टोकदार, मागे निमुळती अशी गोळी का घडवली, असा विषय. चारशे पानं मी तपासली. ऱ्हस्व-दीर्घ, स्वल्पविराम, तीन ठिकाणी चुकलेली चिन्हं, आणि एका समीकरणात हवेचा विरोध धरायचा राहिला होता तोही मी दाखवला. छापून आल्यावर पहिलं पान उघडलं. 'आत्याला, जिने मला गोळी बघायला शिकवलं.' मी पाचव्या पानावर, टंकलेखनवाल्याच्या आणि ग्रंथपालाच्या मध्ये होते.

तुम्हाला वाचता येत असून तुम्ही ते पान मला वाचायला लावलंत. चष्मा सापडत नाही म्हणालात. चष्मा तुमच्या डोक्यावर होता. मी वाचलं, आणि तुम्ही ऐकून म्हणालात, "हिला काही कळत नाही." मला वाटलं, दाखवायला म्हणताय. त्या रात्री मी जेवले नाही.

आता एक कबुली. तीन वर्षांपूर्वी तुम्ही चिपळूणला लग्नाला गेला होतात, तेव्हा मी बंदूक खाली काढली. रिकामी होती, काळजी नको. मी शाळेतल्या जुन्या व्हर्नियरने नळी मोजली, मागे आणि पुढे. नळी मागच्या बाजूला चांगलीच जाड आहे आणि तोंडाशी बारीक. म्हणजे वरच्या पाठीवरून माशीकडे सरळ बघितलं की आतलं भोक आपोआप किंचित वर तोंड करून असतं. गोळी त्या भोकाच्या दिशेने निघते, नजरेच्या रेषेच्या वर चढते, आणि साठ पावलांपाशी पुन्हा त्या रेषेवर उतरते. करवंटी तिथेच असते. मीही खोटी नव्हते. भोकाच्या दिशेपासून ती पहिल्या क्षणापासून पडतेच. पण तुम्ही नजरेचं बोलत होतात आणि नजरेपुढे ती आधी वरच जाते. जुन्या लोहाराने हे सगळं नळी घडवतानाच जमवून ठेवलं होतं आणि मी त्यावर आणखी वीतभर भर घातली होती.

तुम्ही परत आलात, लग्नातला लाडू माझ्या हातावर ठेवलात, "एकटीने काय केलंत हो?" असं विचारलंत. मी म्हटलं, "काही नाही." त्यानंतरही कमीत कमी दहा वेळा तो वाद झाला आणि दहाही वेळा मी जाणूनबुजून खोटं बोलले. तुमचं बरोबर होतं, वन्सं. घ्या.

उपकार आहेत, नाहीत असं नाही. तुमचे दादा गेले त्या साली मी दीड महिना उठले नाही. बागेचा हंगाम तोंडावर, मुक्ताची बारावी, आणि तुम्ही स्वतःच्या भावाचं दुःख कुठल्या कोपऱ्यात ठेवलं होतं देव जाणे. मला न्हाऊ घातलंत. पेज भरवलीत. मुक्ताचा अभ्यास घेता येईना तर तिच्यासमोर नुसत्या बसून राहायचात, हातात आंब्याची पेटी बांधायची सुतळी. मी उठले तेव्हा घर जागच्या जागी होतं आणि मुलगी तुमच्या मांडीवर होती. तेव्हापासून तुमचे आभार मानायला गेलं की माझ्या तोंडात ते कडू व्हायचे.

मुक्ता उठली वाटतं. चहा ठेवायला हवा.

इथवर तेराव्याला लिहिलं होतं. मध्ये दोन दिवस गेले.

परवाना असलेलं माणूस गेलं की हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं, तेव्हा काल सकाळी मुक्ता आणि मी रिक्षाने गेलो. बंदूक तुमच्याच चादरीत होती. हवालदार कागद शोधत होता. आम्हाला बाकावर बसवलं. मुक्ता म्हणाली, "आई, एक मात्र बरं झालं. तू साक्ष झाल्यावर कळवलंस. आधी कळतं तर मी अर्ध्यातून आले असते आणि तो माणूस सुटला असता. तुला किती जड गेलं असेल एकटीला." असं म्हणून तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. भर ठाण्यात. तेहतीस वर्षं मी या डोक्याची वाट बघत होते, वन्सं. केसांना तुमच्या शिकेकाईचा वास येत होता.

मी सांगून टाकलं. आत्या तुला आधीच बोलवा म्हणाल्या होत्या, मंगळवारीच. साक्षीमुळे नाही थांबले. तू त्यांच्यासाठी धावत येशील ते मला नको होतं.

तिने डोकं उचललं. तिचा आवाज साक्षीला उभी राहिल्यावर होत असेल तसा झाला. "किती वाजता म्हणाली?"

"नऊच्या सुमारास. नर्स सलाईन बदलून गेली तेव्हा."

"नेमके शब्द?"

"वहिनी, मुक्ताला बोलवा."

"पुन्हा विचारलं?"

"संध्याकाळी एकदा. 'लागला का हो फोन?' मी म्हटलं, लागत नाही."

हे तुम्हालाही ठाऊक नसेल, की मी तुमच्याशी खोटं बोलले. की होतं ठाऊक? तुम्ही माझ्याकडे बघून फक्त "असू दे" म्हणालात.

हवालदाराने हाक मारली. मुक्ताने अर्ज वाचला, त्यातली बंदुकीच्या क्रमांकाची चूक दुरुस्त करून घेतली आणि सही केली. मृताशी नातं या रकान्यात तिने 'भाची' लिहिलं. घरी येताना ती भाट्याच्या पुलावरून समुद्राकडे बघत होती, माझ्याकडे नाही. घरी येऊन बॅग भरली. मी दारात उभी. डबा बांधून दिला तो तिने घेतला, एवढं तरी झालं. पायरीवर चपला घालता घालता ती थांबली.

"आत्याचा फोन कुठे होता तेव्हा?"

"उशीखाली."

"चालू होता?"

"हो. त्याच सकाळी कलमांना पाणी सोडायला सांगितलं होतं त्यांनी त्यावरून, गड्याला."

"मग तिने मला स्वतः का नाही केला?"

मुक्ताच्या डोळ्यांतून तेव्हा पहिल्यांदा पाणी आलं. "आई, आत्याने आयुष्यात एकदाही मला आपणहून ये म्हटलं नाही. सुट्टीला येऊ का विचारलं, तर 'आईस विचार गो.' तिच्याबरोबर सड्यावर जायचं, तरी 'आईस विचारून ये.' नेमबाजीच्या शिबिराला नेशील का म्हटलं, तर 'तुझी आई पाठवील तर नेत्ये.' मला राग यायचा. मला वाटायचं, मी हिला तितकीशी नको आहे." मग चपलेचा बंद लावत म्हणाली, "मी तुझ्यावर खूप रागावले आहे. किती दिवस, ते मला सांगता येत नाही. मी फोन करीन. तू करू नकोस."

ती गेली. मी त्याच पायरीवर बसून राहिले. शेजारची सरस्वती विचारून गेली, लेक गेली वाटतं, म्हणून रडताय का. मी हो म्हटलं.

वन्सं, तुम्हाला मुक्ताचा नंबर पाठ होता. एक बटण दाबायचा अवकाश, पोर नागपूरहून निघाली असती आणि मी तोंडही उघडू शकले नसते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. श्वास पुरत नव्हता, तरी विचारलंत ते मला. मी उभा जन्म जगाला, तुम्हाला, त्या पोरीलासुद्धा पटवत राहिले की ती माझी आहे. या घरात ज्यांना त्याबद्दल कधीच शंका नव्हती अशा तुम्ही एकट्याच होतात. म्हणून तुम्ही मरतानाही आईची परवानगी मागितलीत. आणि आईने हो म्हटलं, आणि बोलावलं नाही.